शैलाताई आणि शुक्रवारचा राहुकाळ

शैलाताई बिरादारांशी माझी ओळख भांडणानं झाली, आणि पुढं आमचं जे काही जमलं ते भांडतच जमलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी माझा जेवणाचा डबा त्यांच्या मॉनिटरवर ठेवला होता. "ते काय स्टोव्ह हाय का बाबा?" एवढंच त्या म्हणाल्या. डबा खाली आला, आणि तो परत वर ठेवायची माझी छाती झाली नाही.

हे दोन हजार सालातलं. पुण्यातल्या माझ्या मित्रांना वाटत होतं, अविनाश हैदराबादला गेला म्हणजे काचेच्या चकचकीत इमारतीत गेला. तशा इमारती गावाबाहेर उठत होत्या खऱ्या. मी मात्र सुलतान बाजारात, एका साडीच्या दुकानावरच्या माळ्यावर बसत होतो. खिडकी उघडली की खालून गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकू यायची, आणि बंद केली की माणूस घामानं भिजायचा. आम्ही ती उघडी ठेवत असू. तीन महिन्यांत मला रेशमाच्या भावातलं बरंच कळायला लागलं.

मालक लिंगय्या शेट. घराण्याचा धंदा लग्नपत्रिका छापायचा. नवं वारं सुटलं, घरटी एक पोरगा अमेरिकेला जाऊ लागला, आणि शेटच्या लक्षात आलं की छापलेल्या पत्रिकांपैकी निम्म्या न्यू जर्सीला जातात आणि तिथं लग्न झाल्यावर पोचतात. मग त्यांनी वेबसाइट काढली. पत्रिका साइटवर, आणि लग्नाच्या दिवशी तासाभराच्या आत मंगळसूत्राचे, तलंबऱ्यांचे, म्हणजे वधूवर एकमेकांच्या डोक्यावर अक्षता ओततात त्याचे फोटोही साइटवर. तिकडं काका-मावश्या रात्र जागवून बघत बसायच्या. साइटचं यंत्र, म्हणजे सर्व्हर, अमेरिकेतच भाड्यानं घेतलेला. आम्ही सुलतान बाजारातून टेलिफोनच्या तारेवरून त्याला हुकूम द्यायचो. हुकूम देणार शैलाताई. मी पानं सजवायचो, रंग लावायचो. ताईंच्या भाषेत "रांगोळीवाला".

ताईंची चाळिशी उलटली होती. आजोबा निजामाच्या काळात भालकीकडची शेती भावांवर सोडून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. ताई राहायच्या काचीगुड्याला. घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, आणि सर्व्हरशी इंग्रजी. भांडायला चारही चालायच्या. यजमान भगवंतराव सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात होते. मोठा शांत माणूस. घरात बोलण्याचं काम एकाच माणसाकडं असावं असं त्यांचं मत होतं, आणि ते मतसुद्धा मला ताईंकडूनच कळलं.

आधी ताई सनतनगरच्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. नव्या धोरणात कारखान्याचा निम्मा भाग बंद झाला आणि त्या भागातल्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची," असं ताई म्हणायच्या. गळ्यात हार घातला, शाल दिली, गेटपर्यंत सोडायला आले. दिरानं सुचवलं, वहिनी, पापडाचा घरगुती धंदा काढा. ताईंनी त्याला सांगितलं, पापड तुझ्या बायकोला लाटू दे, आणि त्या अमीरपेटेतल्या कॉम्प्युटर क्लासला जाऊन बसल्या. शेजारी लेकीच्या वयाची पोरं. ती पोरं सहा महिन्यांत अमेरिकेची स्वप्नं बघत पांगली. ताईंना स्वप्नं बघायची सवड नव्हती, म्हणून त्या शिकल्या.

पण त्या हाराचं दुखणं गेलं नव्हतं. एकदा सहज म्हणाल्या, "अविनाश, मला काम येत नाही म्हणून काढा, चालंल. पण कुणी हार घालून, हसत हसत घरी बसवू नये बघ." त्या असं कधी बोलत नसत, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आता राहुकाळाचं सांगायला हवं. पुण्यात आमच्याकडं राहुकाळ कॅलेंडरच्या कोपऱ्यात छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही. हैदराबादेतल्या तेलुगू व्यापाऱ्याचा दिवस मात्र त्याच्याभोवती फिरतो. रोज दीड तास, प्रत्येक वाराला वेगळा. त्या वेळात शेट नवं काही सुरू करत नसत. पार्सल आलं तर न उघडता कोपऱ्यात ठेवत. चालू काम चालू राहिलं तर हरकत नाही, नवी सुरुवात नको. ताई त्यांची चेष्टा करायच्या. आमच्या घरात राहू-केतू कधी जेवायला आले नाहीत, म्हणायच्या. पण एकदा राहुकाळात सर्व्हर बंद करून चालू केला आणि तो दिवसभर उठलाच नाही. शेट हात जोडून ताईंसमोर उभे राहिले. "अम्मा, बाकी कुछ भी करो, मैं पूछतां नै. राहुकाल में मशीन चालू नक्को करो." ताईंनी शब्द दिला. आणि दिला शब्द पाळायचा हे त्यांचं व्रत. आपल्याला पटो न पटो.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात साइट दर शुक्रवारी सकाळी तुंबायला लागली.

बाकी सहा दिवस ठणठणीत. शुक्रवार उजाडला की दहाच्या सुमाराला फोटो चढेनासे व्हायचे. सर्व्हर म्हणायचा, डिस्कवर जागा नाही. काय झालं ते बघेपर्यंत साडेदहा वाजायचे, आणि शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. ताई बारापर्यंत थांबायच्या, मग सर्व्हर बंद करून चालू करायच्या, आणि काय नवल, अर्धी डिस्क रिकामी. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

आम्ही साप साप म्हणून भुई धोपटत होतो. मी म्हटलं, फोटो मोठे आहेत. ताईंनी फोटो लहान केले. शेट म्हणाले, कुणाची तरी नजर लागली आहे. त्यांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. अमेरिकेतल्या सर्व्हरला सुलतान बाजारच्या लिंबाचा काय उपयोग, असं मी विचारलं तर शेट माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, "तुम पूना के हो."

तिसऱ्या शुक्रवारनंतर मात्र शेट गंभीर झाले. पुढचा शुक्रवार श्रावणातला; आपल्याकडं श्रावणात लग्नं नसतात, पण तेलुगू लोकांत तो मोठ्या मुहूर्ताचा. शहरात जिकडंतिकडं लग्नं, आणि आमच्याकडं कधी नव्हे एवढ्या पत्रिका. शेटनी ताईंना समोर बसवलं. "अम्मा, तुम घर के जैसे हो. मगर ये शुक्रवार को साइट बंद पडी, तो मैं मशीन संभालने बंगलोर की कंपनीवालों को देतूं. वो लोगां सोमवार को आरैं मिलने. साइट चली तो चाय पिलाके भेज देतूं." आणि मग अगदी मायेनं म्हणाले, "तुमना भी आराम मिलता."

आराम हा शब्द ऐकून ताईंचा चेहरा उतरला. गेटपर्यंत सोडायला येणाऱ्यांची भाषा त्या ओळखून होत्या. "शुक्रवारचं शुक्रवारी बघू," एवढं बोलून त्या उठल्या. मला शेटचा रागच आला. बरं, त्यांचं चुकत होतं म्हणावं तर तेही नाही.

तो शुक्रवार उजाडला. नऊचा मुहूर्त उरकला, फोटोग्राफरांची पोरं फोटो घेऊन जिना चढायला लागली. थोडे फोटो चढले. दहा वाजता नेमानं डिस्क भरली.

ताईंनी पदर खोचला. "आज मी बारा वाजायची वाट बघत बसत नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते आज कळालंच पायजे."

सर्व्हरवर एक नोंदीची फाइल असते. साइटवर कोण आलं, काय बघून गेलं, हे सर्व्हर त्यात अखंड लिहीत असतो. ती रोज फुगते. म्हणून रोज एकदा आपोआप एक काम व्हावं लागतं: भरलेली फाइल बाजूला करायची, दाबून लहान करायची, मूळची पुसायची, आणि सर्व्हरला हलवून, म्हणजे क्षणभर बंद करून चालू करून, सांगायचं की बाबा, आता नव्या फाइलमध्ये लिही. हे काम लावून देणारा कार्यक्रम ताईंच्याच हातचा. आधी ते आपल्याकडच्या पहाटे व्हायचं. पण आपली पहाट म्हणजे तिकडची संध्याकाळ, बघणाऱ्यांची गर्दी. साइट अडखळते अशी शेटच्या न्यू जर्सीतल्या पुतण्यानं, साईप्रसादनं, तक्रार केली, आणि महिन्याभरापूर्वी ताईंनी ते काम आपल्या दुपारी दोनवर आणलं. तिकडं तेव्हा पहाट, सगळे झोपलेले.

ताईंनी जुन्या नोंदींच्या फायली पुसायला सुरुवात केली. जागा होईना. आणखी पुसल्या. काही फरक नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "फायली मोजल्या तर डिस्क अर्धी रिकामी. डिस्कला विचारलं तर म्हणतीय, पोट फुटायलंय. दोघांपैकी एक खोटं बोलायलंय."

"डिस्क खराब असेल," मी म्हटलं.

"तू गप."

त्यांनी सर्व्हरला वेगळाच प्रश्न विचारला: तू आत्ता कोणकोणत्या फायली हातात धरून बसला आहेस? लांबलचक यादी पडद्यावरून सरकली, आणि ताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. नोंदीची फाइल, भलीमोठी, आणि पुढं शेरा: पुसलेली. कालच्या दुपारीच पुसलेली. पण सर्व्हरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो अजून तिच्यातच लिहीत बसला होता. पंगतीच्या यादीतून नाव खोडलेला पाहुणा पानावर बसून जेवतोच आहे, तसं. नाव नाही म्हणून मोजदादीत येत नाही, आणि जागा तर अडवतोय. सर्व्हर बंद करून चालू केला की तो उठणार. म्हणून दर शुक्रवारी बारानंतर डिस्क रिकामी व्हायची.

मला भलताच आनंद झाला. ताईंना झाला नाही. "पण काल त्याला हलवलं का नाही? रोज हलवतंय की," असं पुटपुटत त्यांनी आपला कार्यक्रम उघडला. वरून खाली वाचत गेल्या आणि एका जागी थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओळ त्यांनीच लिहिलेली होती. शेटना दिलेला शब्द विसरू नये, चुकून आपोआपसुद्धा मोडू नये, म्हणून ताईंनी वारावारचा राहुकाळ त्या कार्यक्रमात घातला होता: त्या वेळात सर्व्हरला हलवू नको. काम पहाटे होत होतं तोवर त्या ओळीची कधी गाठच पडली नाही. मग काम दुपारी दोनवर आलं. गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन. दर गुरुवारी फाइल बाजूला होत होती, दाबली जात होती, पुसली जात होती, आणि शेवटी हलवायची वेळ आली की कार्यक्रम राहूला मान देऊन गप्प बसत होता.

"कधी लिहिली ही ओळ?" मी विचारलं.

"परसों," ताई म्हणाल्या. हैदराबादेत परसों म्हणजे काल सोडून मागचा कुठलाही दिवस, तेव्हा त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात शेट वर आले. त्यांना फक्त इतकंच दिसलं की फोटो अडलेले आहेत आणि पोरं जिन्यावर बसली आहेत. ताईंनी सांगितलं, सर्व्हर बंद करून चालू करायला हवा, आत्ताच. शेटनी घड्याळ बघितलं. पावणेअकरा. त्यांनी आपल्या पंचांगवाल्या पंतुलूंना फोन लावला. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, शेट, मशीन अमेरिकेत आहे, तिथं आत्ता मध्यरात्र, तिथं कुठला आलाय राहुकाळ? शेटनी हा मुद्दा इमानदारीनं पंतुलूंच्या कानावर घातला. पंतुलूंनी निर्णय दिला की यंत्र कुठंही असो, राहुकाळ ज्याचा हात चालतो त्याचा बघायचा.

शेटचा चेहरा उजळला. "तो हाथ साईप्रसाद का चलाते. वो उधरीच है न." त्यांनी लगेच पुतण्याला फोन लावला. तो फोटोंची वाट बघत जागाच होता. त्यानं तिथून दोन हुकूम दिले की झालं. राहू खूश, शेट खूश, साइट चालू.

मी ताईंच्या कानाशी लागलो. "करू दे त्याला. साइट दहा मिनिटांत उभी राहील, शेट ती बंद पडली असं म्हणणारसुद्धा नाहीत. ती ओळ तुम्ही संध्याकाळी गुपचूप काढून टाका. कुणाला ताकास तूर लागणार नाही."

मला अजूनही वाटतं की सल्ला व्यवहाराचा होता. ताईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो.

"शेट, फोन ठेवा," त्या म्हणाल्या. शेटनी फोन ठेवला नाही, पण कानापासून लांब धरला. "साइट नजर लगके बंद नहीं होरी. राहु से भी नहीं. मेरे से होरी. मैं एक लाइन लिखी थी, वो गलत है. चार हफ्ते से तुम्हारे शुक्रवार मैंच खराब करी."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पुसलेली फाइल, गुरुवार, ती ओळ. एक शब्द गाळला नाही. मी खिडकीतून खाली रेशमाचे भाव ऐकत उभा राहिलो. आत बघवत नव्हतं.

शेटना तंत्रातलं निम्मंच कळलं असेल, पण कळायचं ते कळलं. "राहुकाल का तो मैंच बोला था न, अम्मा?"

"तुम बोले, चालू नक्को करो. नहीं करना था तो पूरा काम तीन बजे तक रोकना था. मैं आधा करी, आधा छोडी. वो तुम नहीं बोले." ताईंनी खुर्ची पुढं ओढली. "अब ये मेरेच हाथ से होना. साईप्रसाद का काम नहीं. बाद में तुमना जो करना है, करो."

शेटनी भिंतीवरच्या बालाजीकडं बघितलं. फोनवर साईप्रसाद हॅलो हॅलो करत होता. मग शेट म्हणाले, "मैं नीचे जारूं. मैं कुछ नै देखा." आणि ते खरंच जिना उतरून गेले.

ताईंनी हुकूम दिला. मी राहू-केतू मानत नाही, पण त्या अर्ध्या मिनिटात मी सगळ्या देवांना पाण्यात घातलं होतं. सर्व्हर उठला. डिस्क अर्धी रिकामी. ताईंनी ओळ काढली, आणि मग जिन्याकडं तोंड करून ओरडल्या, "चलो रे, लाओ फोटो." संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. जेवल्यासुद्धा नाहीत.

पण साइट बंद तर पडलीच होती. तासभर का होईना, शेटनी सांगितलेल्या नेमक्या शुक्रवारी, आणि ताईंच्या स्वतःच्या तोंडून कबूल झालेल्या चुकीनं. शनिवारी शेट काही बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. ताईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्या दिवसभर मला सर्व्हरचं एकेक काम समजावून सांगत बसल्या. चिडून नाही. ते जास्त वाईट होतं.

सोमवारी त्या ठेवणीतली नारायणपेठी नेसून आल्या. मी कारण विचारलं नाही. अकरा वाजता बंगलोरचे दोघे आले, टाय लावलेले, घामाघूम. शेटनी आम्हा दोघांनाही बोलावलं. पाहुण्यांनी लॅपटॉप उघडून बरंच काही दाखवलं. काम त्यांचं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मी असतो तर त्यांनाच दिलं असतं.

शेट सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं. "तुम्हारे आदमी से गलती होगई, तो मेरेकू कौन बोलता?"

पाहुणे हसून म्हणाले, आमच्याकडं सहसा चूक होत नाही.

"होगई तो?"

मग रिपोर्ट येतो, ते म्हणाले. महिन्याच्या शेवटी. मोठा साहेब सही करतो.

शेटनी मान हलवली. "मेरेकू उसीच दिन होना. वो भी, जो करा उसके मुँह से." त्यांनी ताईंकडं हात केला. "इनो बोले. नौकरी जाती मालूम था, फिर भी बोले. ऐसा आदमी तुम्हारे पास है तो मशीन आज ले जाओ."

दोघे एकमेकांकडं बघायला लागले. शेट चहा सांगायला उठले. तेलुगूत खालच्या पोऱ्याला ओरडून सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जणू काही विशेष घडलंच नव्हतं.

ताई उठल्या, आपल्या जागेवर येऊन बसल्या, मॉनिटर सुरू केला आणि तिकडं बघत राहिल्या. मी मागोमाग गेलो. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्या माझ्याकडं न वळताच म्हणाल्या, "अविनाश, तू जरा खाली जा. मला रडायचंय, अन् पुण्याच्या माणसापुढं मला ते जमायचं नाही."

मी खाली गेलो आणि बराच वेळ वर आलो नाही.